वीस सेकंद हलायचं नाही

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे आणि स्थैर्य हा माझा धर्म आहे. वादळ येवो, वरात येवो, मी जागचा हलत नाही. तीन पायांवर उभं असलेलं काहीही कधी डळमळत नाही, असं माझ्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं.

माझा एक पाय सरकतो.

दुसरी गोष्टही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज व्हायला नको. मी भित्रा आहे. अंधाराला भितो, कुत्र्यांना भितो, उताराला तर फारच भितो. पण थरथरण्याची मला मुभा नाही. मी थरथरलो की फोटोत एका दिव्याचे तीन दिवे होतात आणि बोलणी मला बसतात. त्यामुळे आयुष्यभर मी आतल्या आत भीत आलो आहे. सरकारी नोकरीतले लोक माझं दुःख समजू शकतील.

माझा जन्म कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये झाला. तिथे खरं म्हणजे पडद्यांचे रॉड बनायचे. एकदा कापणाऱ्याने माप चुकवलं आणि पाऊणशे नळ्या आखूड निघाल्या. आता यांचं काय करायचं, यावर मालकाने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी आम्ही पंचवीस ट्रायपॉड झालो. माझे चोवीस भाऊ आज कुठे आहेत, मला ठाऊक नाही. एक जण एका मंगल कार्यालयाच्या दारात ‘कृपया आहेर आणू नये’ ही पाटी धरून उभा असतो, असं कानावर आलं होतं.

मला नागपूरला प्रताप नगरच्या रविंद्रभाऊंनी घेतलं. त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाच्या ऑर्डरी असायच्या. चौदा वर्षं मी लग्नांत उभा राहिलो. मला डोळे नाहीत. पाहण्याचं काम कॅमेऱ्याचं. पण कॅमेरा बसतो माझ्या डोक्यावर, आणि त्याच्या पडद्यावर काय दिसतं यावर माणसं इतक्या मोठ्याने बोलतात की पाहिल्यासारखंच होतं. एका लग्नात वरातीचा घोडा उधळून थेट मांडवात शिरला. खुर्च्या पडल्या, कमान पडली, नवरदेवाचे मामा पडले, मी पडलो नाही. “याले म्हणतात माल!” असं रविंद्रभाऊ चारचौघांत म्हणाले. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. पुढच्याच आठवड्यात एका वरमाईच्या पदरात अडकून माझ्या तिसऱ्या पायाचं रबर निघून गेलं. रबर नसलं की पायाचं उघडं टोक गुळगुळीत जमिनीवर बाहेरच्या बाजूला जायला लागतं. एकदम नाही, हळूहळू. पडणार हे कळत असतं आणि पडायला वेळ असतो. यापेक्षा वाईट पडणं नाही.

मग कॅमेरा लावून पळत सुटलं तरी चित्र हलू न देणारा यांत्रिक दांडा बाजारात आला आणि रविंद्रभाऊंनी मला गच्चीवर नेऊन ठेवलं. दोन वर्षं माझ्या डोक्यावर त्यांचे बनियन वाळले. एखादा ओला टॉवेल पडला की माझा पाय सरके, आणि खालून वहिनींचा आवाज येई, “तो स्टँड भंगारात द्या ना एकदाचा!” भंगार हा शब्द ऐकला की अॅल्युमिनियमला काय वाटतं, ते तुम्हाला कळायचं नाही.

त्यातून मला दामिनीने बाहेर काढलं.

दामिनी स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसायची. नवऱ्यांचे चेहरे उजळ करणं हे तिचं दिवसभराचं काम. घर इतवारीच्या मागच्या बाजूला, कोष्ट्यांच्या वस्तीत. आजोबांपर्यंत हातमाग होता, वडील कुरिअरच्या गोदामात. एका संध्याकाळी ती गच्चीवर आली आणि तिने माझ्या डोक्यावरचा बनियन उचलला.

“रविंद्रदादा, हा स्टँड मी रात्रीचा नेऊ काय? आन् तो जुना कॅमेरा?”

“कुठं?”

“इतवारीत.”

“रात्री इतवारीत काय आहे वं? कुत्रे?”

“गाणं होतं तिथं. बँड होते, कव्वालीवाले होते, पेट्या दुरुस्त करणारे होते. मी त्या जागांचे फोटो काढून राहिली.”

“होतं ना? मंग आता फोटो कायचा काढशील? आवाजाचा फोटो निघते काय?”

“नवरीचा रंग निघते, तं आवाज काहून नाही निघणार?”

रविंद्रभाऊंनी परवानगी दिली. बनियन परत मागून घेतला.

दामिनीचं म्हणणं असं होतं, की दिवसा इतवारी म्हणजे नुसती हातगाडी, टेम्पो आणि पोती. कुठे काय होतं, ते दिसतच नाही. रात्री दुकानांची शटर पडली, की शटरच्या वरच्या भिंती पहिल्यांदा नजरेला येतात. तिथे जुन्या अक्षरांच्या रेषा असतात. कोणे एके काळचं हार्मोनियमचं दुकान, रेकॉर्डी भाड्याने देणारा, ऑर्केस्ट्राच्या तालमीचा हॉल. ती एकेका जागेसमोर मला उभं करी, बटण दाबी आणि श्वास रोखून उभी राही. कॅमेरा म्हातारा. त्याला जास्त ताण दिला की फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो. म्हणून अंधारात त्याला वीस वीस सेकंद डोळा उघडा ठेवावा लागे, आणि तेवढा वेळ मला मेल्यासारखं राहावं लागे.

ते वीस सेकंद, मित्रांनो! मे महिना, गल्लीत चिटपाखरू नाही, सिमेंटचा रस्ता तळपायाला दिवसाची ऊब देतो आहे. समोर काळी शटरं. पाठीमागे काय आहे ते दिसत नाही, कारण मला मान असली तरी ती दामिनीने घट्ट आवळलेली. आणि मग दुरून नखांचा आवाज येतो. कुत्रा. तो थांबतो. हुंगतो. तीन पायांपैकी कोणता निवडावा, याचा विचार करतो. वीस सेकंद संपत नाहीत.

पण एक दिवस मला कळलं, की या गल्ल्यांत भिणारा मी एकटा नाही. लोक मला भीत होते.

झालं असं. एका बोळात दामिनीने मला उभं केलं, पाय लांब केले, डोक्यावर कॅमेरा चढवला. तेवढ्यात वरच्या खिडकीत दिवा लागला. मग शेजारच्या. मग समोरच्या. दार उघडून एक आजी बाहेर आल्या, पदर खोचून. त्यांचं नाव प्रयागबाई.

“काहून वं? रात्रीच मोजून राहिले काय? दिवसा हिंमत नाही होत काय तुमची?”

“काय मोजून राहिले, काकू?”

“रस्ता रुंद करून राहिले ना तुम्ही! त्या बाजूच्या लाइनीत असाच तीन पायाचा आणला होता. त्याच्यातून पाह्यलं, आन् सहा महिन्यांनी सगळ्यांचे ओटे गेले!”

मी मोजणीचं यंत्र आहे, असं त्या सगळ्या बोळाला वाटलं होतं. म्हातारी माणसं दारांत उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मला बघून कोणी घाबरेल, असं कळमेश्वरपासून आजपर्यंत मला वाटलं नव्हतं. खोटं सांगत नाही, क्षणभर बरंही वाटलं. मग लाज वाटली.

दामिनीने सगळं समजावून सांगितलं. मोजणी नाही, फोटो आहे. ओट्याचा नाही, गाण्याचा. प्रयागबाईंनी तिला निरखून पाहिलं आणि आत वळून हाक मारली, “अहो, या बाहेर. घर नाही पाडत म्हणे. बँडवाल्यायले शोधून राहिली पोरगी.”

आतून गणपतराव आले. पंच्याहत्तरीचे, आडवे, छातीला ढोलाचा घट्टा पडलेला. ते ‘जय विणकर बँड पार्टी’चे ढोलवाले. तिथेच समोर, कुलूप लावलेल्या एका खोलीवर ते नाव अजून निम्मं वाचता येत होतं.

त्या बँडची हकीकत अशी. सतरा माणसं, सतराही विणकर. दिवसा हातमाग, म्हणून तालीम रात्री, शेवटचा माग थांबल्यावर. आणि ताल शिकले ते मागावरच. माग चालवताना पाय थांबला की कापड थांबतं. या लोकांचे पाय तालात हलले तरच त्यांच्या हाताला आणि तोंडाला सूर सापडायचा. इतर बँड चालत वाजवायचे. हे उभे राहूनही जागच्या जागी पाय टाकत वाजवायचे. शहरात लोक त्यांना ओळखायचे ते पायांवरून.

सतरापैकी पाच उरले होते. बाकीचे बारा जण कसे गेले, हे गणपतराव बोटांवर मोजत सांगत होते, तेवढ्यात त्या कुलूपबंद खोलीतून आवाज आला.

एकच ठोका. ढोलाचा.

दामिनीने माझा पाय धरला. मी तिला धरलं असतं, पण ती सोय नाही.

“काही नाही,” गणपतराव म्हणाले. “आत जुने ढोल टांगले आहेत. दिवसा तापतेत, रात्री चामडं थंड झालं का बोलते.”

“चामडं नाही बोलत,” प्रयागबाई हळूच म्हणाल्या. “ज्याचं वाजवलं नाही, तो बोलते.”

गणपतरावांनी पाठ फिरवली. ते कुलपाकडेही पाहत नव्हते.

तेव्हा आम्हाला ‘खाली जागे’बद्दल कळलं. इकडे रिकाम्याला खाली म्हणतात. या बँडमधला कोणी गेला, की तिसऱ्या दिवशी रात्री सगळे त्याच्या दारासमोर रांगेत उभे राहायचे. रांगेत त्याची जागा मोकळी सोडायची. आणि बँडचीच एक ठरलेली धून वाजवायची, पण त्याचा सूर जिथे जिथे येई तिथे गप्प राहायचं. नुसते पाय. तो भाग पुन्हा कोणी भरायचा नाही. प्रत्येक मरणाबरोबर धुनीत एक एक भोक पडत गेलं. ही धून एका माणसासाठी एकदाच वाजते. ज्याची वाजत नाही, तो आपला मेला आहे हे न कळून रात्री रांगेत जागा शोधत फिरतो, अशी समजूत. एक ताशेवाला मुंबईत वारला होता. त्याचं वाजवायचं राहून गेलं.

खोलीतून पुन्हा ठोका आला. त्या रात्री आम्ही फोटो न काढताच परतलो. दामिनी चालत होती असं म्हणतात. मला वाटतं पळत होती.

पण ती परत आली, तीन दिवसांनी, कारण गणपतरावांचा फोन आला. बँडचे क्लॅरनेटवाले ईश्वरदास उद्या सकाळच्या विमानाने पुण्याला चालले होते. कायमचे. बायको वारलेली, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलगा चेतन त्यांना न्यायला आला होता. पाचही जण एका जागी असण्याची ही शेवटची रात्र. फोटो काढायचा तर आज.

आम्ही पोचलो तेव्हा त्याच बोळातल्या ईश्वरदासांच्या दारात चौघे जण जुने लाल कोट घालून उभे होते. कोणाचंही बटण लागत नव्हतं. ईश्वरदासही कोट घालून ओट्यावर बसलेले. एक्याऐंशी वर्षांचे, काटक, डोळ्यावर काळा चष्मा, मांडीवर क्लॅरनेट.

“फ्लॅश नको मारू वं पोरी,” ते म्हणाले. “डोळ्याचं नवीनच काम आहे.”

“नाही मारत, आबाजी. कोपऱ्यावरच्या खांबाच्या उजेडात काढते. फक्त वीस सेकंद हलायचं नाही कोणी.”

“हालत नाही,” चौघे म्हणाले.

मग ईश्वरदास गणपतरावांकडे वळले. “गणपत, माह्यं वाजवून द्या आज.”

“काय वाजवून द्या?”

“खाली जागा.”

मला वाटलं, बोळातली हवा थांबली. पण मे महिन्यात इकडे हवा तशीही थांबलेलीच असते.

“जित्या माणसाची वाजवतेत काय गा?” गणपतरावांचा आवाज चिरका झाला. “येड लागलं काय तुले? असं वाजवलं आन् रात्रीतून काही झालं तं?”

“आन् मंग मेल्यावर पुण्याले येशील वाजवाले? पाचव्या मजल्यावर राह्यते चेतन. ढोल बसते लिफ्टमध्ये तुहा?”

गणपतरावांनी मनातल्या मनात माप घेतलं. “ढोल बसते. मी नाही बसत.”

“मंग?”

 ईश्वरदासांनी क्लॅरनेट दोन्ही हातांनी धरलं. 

“हसू नका गा,” ते म्हणाले. “मले मराचं भेव नाही. पण तिकडं मेलो आन् वाजवलं नाही, तं मी रात्रीचा लाइन कुठं पाहू? पुण्यात मले रस्ते माहीत नाही.”

कोणीही हसलं नाही. ट्रंपेटवाले बाबाराव इतका वेळ आपल्या वाद्याची तोटी पुसत होते. ते म्हणाले, “वाजवून देऊ गणपत. मलेही वाटते, आपल्या समोर झालेलं बरं.”

अशा रीतीने ते ठरलं. ईश्वरदास रांगेत आपल्या जागी उभे राहणार, पण वाजवणार नाहीत आणि हलणारही नाहीत, कारण ती जागा रिकामी धरायची. बाकीचे चौघे वाजवणार. धून एकदाच वाजणार, म्हणजे फोटोही एकच. दुसरी संधी नाही. हे सगळं आता ज्याच्यावर उभं राहणार होतं, तो मी होतो.

दामिनीने मला गल्लीच्या मधोमध उभं केलं. रस्ता सिमेंटचा, नवा, गुळगुळीत, नालीकडे किंचित उतरता. माझा तिसरा पाय नालीकडे. मी तिला ओरडून सांगणार होतो. पण आमच्या जातीत ओरडायची पद्धत नाही.

गणपतरावांनी ढोल गळ्यात घातला. पहिला ठोका पडला, आणि कुलूप लावलेल्या त्या खोलीतूनही ठोका पडला. यावेळी गणपतरावांनी चामड्याचं नाव काढलं नाही. दामिनीने बटण दाबलं.

मी लग्नांत हजारो बँड ऐकले. असं कधी ऐकलं नव्हतं. ढोलाचे दोन ठोके. मग काही नाही, फक्त पाय. चार म्हाताऱ्यांचे आठ पाय, जागच्या जागी, रपक् रपक्. मग ट्रंपेटचा एक लहानसा तुकडा, अर्ध्यात तुटलेला. पुन्हा पाय. मग झांज, कोणालातरी उत्तर दिल्यासारखी. पण ज्याला उत्तर द्यायचं, तो गेलेला. भोकं जास्त आणि धून कमी. आणि त्या भोकांत, ऐकणारा आपोआप कान लावून बसतो, की आता तिथून कोणी वाजवेल. मी नको नको म्हणत कान लावून होतो.

पाच सेकंद झाले असतील, आणि माझा पाय निघाला.

आधी केसाएवढा. मग तांदळाच्या दाण्याएवढा. टोक सिमेंटवर खरवडत नालीकडे जात होतं. दामिनीला तो आवाज कळला. तिने खाली पाहिलं. पण हात लावला असता तर फोटो हलला असता, न लावला तर सगळंच खाली आलं असतं. तिचा हात हवेत राहिला.

तेवढ्यात दार उघडून चेतन बाहेर आला. पन्नाशीचा, हाफ पँट, डोळ्यांवर झोप.

“बाबा! हे काय चाललंय? सकाळी सातचं विमान आहे! तुमचं बीपी...”

ईश्वरदास हलले नाहीत. मुलाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. चेतनला ती धून ओळखता आली असावी, कारण तो एकदम गप्प झाला. लहानपणी त्याने ती दुसऱ्यांच्या दारात ऐकली असणार. तो वडिलांकडे पाहत राहिला, आणि त्याच्या तोंडावरची झोप गेली. दामिनीने डोळ्यांनी त्याला माझा पाय दाखवला. तो दोन पावलं आला आणि त्याने आपली चप्पल माझ्या पायाच्या टोकाशी आडवी लावली.

मी थांबलो.

त्या चपलेत त्याचा अंगठा तालावर उठू पाहत होता. मला तो कळत होता. विणकराचाच पाय तो, पुण्याला गेला म्हणून काय झालं? पण चेतनने तो दाबून धरला. ढोलाचा शेवटचा ठोका पडला. कॅमेऱ्याचा डोळा मिटला. खोलीतून काही आवाज आला नाही.

सगळे पडद्याभोवती जमले. माझ्या डोक्यावर सात जणांचे श्वास.



“मी कुठं आहे?” गणपतराव म्हणाले.

फोटोत भिंत होती, दार होतं, ओटा होता. मधोमध ईश्वरदास होते, काळ्या चष्म्यासह, कोटाच्या शिवणीसकट, एकदम लख्ख. त्यांच्या दोन्ही बाजूंना काही नव्हतं. म्हणजे लालसर धूर होता, आणि त्या धुरातून मागची भिंत दिसत होती.

“याचं वाजवाले आलो,” गणपतराव सावकाश म्हणाले, “आन् गेलो आपणच.”

झांजवाले मटकन ओट्यावर बसले.

“काका, हे टेक्निकल आहे,” चेतन म्हणाला. “तुम्ही हलत होता, म्हणून तुम्ही आले नाहीत.”

“मी हाललो नाही.”

“पाय हलत होते ना तुमचे!”

“पाय तं हालतीलच! वाजवून राहिलो होतो ना!”

“पुसून टाक वं पोरी,” बाबाराव म्हणाले. त्यांना घाम फुटला होता. “आत्ताच्या आत्ता पुसून टाक. असा फोटो राहू देऊ नाही.”

दामिनीचं बोट बटणापाशी गेलं. तिलाही भीती वाटत होती. तिचं मनगट माझ्या मानेला टेकलं होतं, म्हणून मला कळलं. पण तिने ईश्वरदासांकडे पाहिलं. ते फोटोवर वाकले होते, नाक पडद्याला लागेल इतके. सगळ्यांत जास्त तेच घाबरलेले होते. त्यांना रांग हवी होती आणि फोटोत ते एकटे होते.

“लाइन कुठं आहे?” ते म्हणाले. “पोरी, लाइन कुठं गेली?”

दामिनीने फोटो मोठा केला. आणखी मोठा. त्या धुरात पिवळ्या रेघा होत्या. खांबाचा उजेड पितळेवर पडला होता आणि वाद्यं जशी हलली, तशी त्याची रेघ उमटली होती. एक रुंद, डुलत गेलेली. एक बारीक, वर जाऊन वळलेली. ईश्वरदासांनी ती बोटाने चाचपली.

“हा बाबाराव,” ते म्हणाले.

“कायवरून?” बाबाराव म्हणाले.

“बाकीच्या रेघा इथं वर जातेत, तुही पह्यलेच गेली. पन्नास वर्षं झाले, अर्धी मात्रा समोर पळते तू.”

“मी पळत नाही! गणपत मागं राह्यते!”

“मी मागं राह्यतो? तुह्या लग्नात कोण मागं राह्यलं होतं रे?”

आणि त्या मध्यरात्री, भरबोळात, पाच म्हातारे एका फोटोवरून असे भांडले की खिडक्यांत दिवे लागले आणि पुन्हा मोजणी आली की काय म्हणून लोक बाहेर पाहू लागले. फोटो पुसायचा विषय त्यात राहून गेला. ईश्वरदासांनी चेतनला सांगितलं, की एक कॉपी मोठी करून दे, पलंगासमोर लावायची. रात्री उठलो तर दिसली पाहिजे.

सकाळी ते गेले.

गणपतरावांना तीन दिवस ताप होता. त्यांनी औषधाबरोबर अंगाराही घेतला आणि कशाने उतरला ते सांगायला नकार दिला. दामिनीने बाकीच्या जागांचे फोटो पूर्ण केले; आता ती कुठेही गेली की मला उभं करण्याआधी हाताने जमीन चाचपते. मी अजून भितो. त्या बोळात तर जास्तच. पण तिथली माणसं आता मला पाहून दार लावत नाहीत, आणि प्रयागबाई कुत्र्यांना हाकलतात.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. जुन्या वस्तूला गच्चीवर टाकण्याआधी एकदा तिला विचारा, की अजून काय पेलशील. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोटोसाठी गप्प उभं करू नका. त्याला हलू द्या. धूर आला तरी चालेल. आपल्या माणसाची रेघ आपल्याला ओळखू येते.

ईश्वरदास अकरा दिवसांनी नागपूरला परत आले. चेतनच्या घरी कूलर नव्हता, आणि त्या आवाजाशिवाय त्यांना झोप येईना.